वाकळ : नीरेच्या पाटावर वाळत पडलेला इतिहास

घटस्थापनेच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत बारामती तालुक्याच्या बागायत पट्ट्यात वर्षातले सर्वांत मोठे धुणे निघते. पितृपक्ष सरत आला की पणदरे, माळेगाव, वडगाव निंबाळकर या भागात घरोघरची अंथरुणे-पांघरुणे बाहेर पडतात. नीरा डाव्या कालव्याला पाणी असेल तर कालव्यावर, नसेल तर विहिरीवर वाकळी धुतल्या जातात. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहून तिला पीळ घालतात, आणि मग कालव्याचा भराव, शेताचे बांध, बाभळीची झुडपे रंगीबेरंगी होऊन जातात. नवरात्र बसण्यापूर्वी घर स्वच्छ असावे, ही त्यामागची श्रद्धा. पावसाळ्यातला ओलावा आणि कुबट वास भाद्रपदाच्या उन्हात घालवावा, हा त्यातला व्यवहार.

वर्षातून एकदाच असे घडते की एका कुटुंबाची सगळी वस्त्रसंपत्ती उजेडात मांडली जाते. त्या मांडणीकडे पाहताना एक प्रश्न पडायला हवा. गावात शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे देऊळ असते, वाड्याची चौकट असते, तांब्याची घागर असते, जमिनीचे कागद असतात. मग शंभर वर्षांपूर्वीची वाकळ जवळजवळ कुठेच का नसते? वाकळ तर प्रत्येक घरात होती.

याचे उत्तर शोधण्याआधी शब्दांकडे पाहू. पुण्या-मुंबईकडे ‘गोधडी’ हा शब्द सर्रास चालतो, दक्षिण महाराष्ट्रात आणि नीरा-भीमेच्या खोऱ्यात ‘वाकळ’ अधिक जवळचा. कापूस भरलेली ती रजई, आणि ती पिंजाऱ्याच्या कामाशी जोडलेली. वाकळीत कापूस नसतो; जुन्या कापडाचे थर एकावर एक घालून ते दोऱ्याने एकजीव केलेले असतात. दोन पदरांचे ते दुपटे, चार घड्यांची ती चौघडी. जाड दुपदरी पांघरुणाला पासोडी म्हणत, आणि अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) अशाच लांबच लांब पासोडीवर पंचीकरण लिहिले. ती ‘दासोपंतांची पासोडी’ आजही अंबाजोगाईत जपलेली आहे. मराठीतला हा एक दुर्मीळ ग्रंथ, जो पांघरुणावर लिहिला म्हणून टिकला. बाकीची पांघरुणे मात्र टिकली नाहीत.

संस्कृतात याच वस्तूला कंथा म्हणत. नाथपंथी जोग्याची कंथा आणि बंगालचा ‘काँथा’ या शब्दापासून दूर नाहीत. त्याही आधी बौद्ध भिक्षूंसाठी टाकून दिलेल्या चिंध्या जोडून चीवर शिवण्याचा नियम होता. विनयपिटकात अशी कथा आहे की मगधातली भातखाचरे, त्यांचे बांध आणि चौकटी पाहून बुद्धांनी आनंदाला त्याच आकृतीचे चीवर शिवायला सांगितले. ठिगळांच्या वस्त्राला त्यागाची प्रतिष्ठा मिळाली ती अशी. महाराष्ट्रात ती अगदी अलीकडेपर्यंत दिसली. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. शेतकऱ्याच्या घरातल्या वाकळीला मात्र त्यागाचा असा काही अर्थ नव्हता. ती गरजेची वस्तू होती, आणि ती गरज कापडाच्या किमतीशी बांधलेली होती.

वाकळ कशी होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब. त्याच्या लांबीत चार घड्या केल्या की सुमारे दोन मीटर लांबीचा आणि लुगड्याच्या पन्ह्याइतका रुंद पट तयार होतो. हे नेमके एका माणसाचे अंथरूण. म्हणजे लुगडे अंगावरून उतरले की त्याच्यात एक वाकळ दडलेलीच असते. त्यावर धोतराचा फाटका अर्धा, सदऱ्याची पाठ, चोळीच्या खणाचे तुकडे, टोपडे, पटक्याची पट्टी असे काय काय चढते. उन्हाळ्यात सुगी उरकल्यावर आणि पहिल्या पावसाआधी सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर थर पसरतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात, मोठे कच्चे टाके घालून पदर जागच्या जागी धरतात. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. एक फेरी पुरी झाली की तिच्या आतून दुसरी, असे करत शिवण मध्याकडे सरकते. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाकळ धरली, ओळींतले अंतर दीड सेंटिमीटर मानले, तर शिवणीची लांबी दीडशे मीटरच्या आसपास जाते. सेंटिमीटरला एक टाका म्हटला तरी पंधरा हजार टाके. हे काम स्वयंपाक, गुरे, शेत आणि मुले यांच्या मधल्या फटींत व्हायचे.

याच भागातल्या दुसऱ्या पांघरुणाशी, घोंगडीशी, तुलना केली की वाकळीचे वेगळेपण ध्यानात येते. घोंगडीची लोकर धनगराच्या मेंढीची, विणकर सणगर, आणि ती बाजारात विकली जायची. तिला भाव होता, म्हणून तिची नोंद होती. दारोदार फिरून वाकळी शिवून देणाऱ्या भटक्या समाजातल्या स्त्रियाही होत्या, पण बहुतेक वाकळी घरातल्याच बाईने शिवल्या. ना पेठ, ना भाव, ना कारागिराचे नाव. दप्तरात जे विकले जाते, ज्यावर कर लागतो किंवा ज्यासाठी कर्ज होते, तेच येते. वाकळ यांपैकी कशातच नव्हती.

कर्जाचा संबंध मात्र होता, आणि तो याच तालुक्यात उघड झाला. पणदऱ्याच्या उत्तरेला जिरायत भागात सुपे हे बाजाराचे गाव. आजचा बारामती तालुका तेव्हा भीमथडी तालुक्याच्या पोटात होता. १२ मे १८७५ रोजी सुप्यात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या वह्या व कर्जखते मागून घेतली आणि जाळली. धान्याची दुकानेही लुटली गेली. इतिहासाच्या पुस्तकांत ‘दख्खनचे दंगे’ म्हणून येणारा उठाव तो हाच. त्यातून चौकशी आयोग आला आणि १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्ज फक्त बैल आणि बियाणे यांसाठी होत नसे. मीठ, धान्य, कापड हेही उधारीवर यायचे आणि वहीत चढायचे. म्हणून लुगडे फाटल्यावर ते टाकून देणे हा विचारच त्या घरात शक्य नव्हता. ज्याचे व्याज अजून फिटायचे आहे ते कापड अंथरुणात गेले, तर त्यात नवल काय!

पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आले. कर्जवसुलीसाठी ऋणकोच्या कोणकोणत्या वस्तूंवर जप्ती आणता येणार नाही, याची यादी त्यात आहे. तिच्या अगदी सुरुवातीला ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि बिछाना-अंथरूण येते. हे कलम आजही लागू आहे. म्हणजे वाकळ कायद्यानेही घरातून उचलून नेता येत नव्हती. शेतकरी घरातल्या मालमत्तेत इतकी सुरक्षित आणि तरी इतकी दुर्लक्षित वस्तू दुसरी नसावी.

कापडाची टंचाई हळूहळू बदलली ती पाण्यामुळे. पणदऱ्याच्या परिसरात पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या पावसावर इथे बाजरी-ज्वारीच. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आकाराला आला, भाटघरला धरण झाले, आणि १८८० च्या दशकापासून या पट्ट्यात बारमाही पाणी पोहोचू लागले. ऊस आला, गुऱ्हाळे आली, हातात रोकड आली. दरम्यान १८५४ मध्ये मुंबईत आणि १८७७ मध्ये सोलापुरात कापड गिरण्यांचा पाया घातला गेला होता. हातमागाच्या लुगड्याच्या जोडीला गिरणीचे पातळ, मांजरपाटाची बंडी, छापील चीट अशी कापडे घरात आली. मांजरपाट हे नावही दूरचे: आंध्र किनाऱ्यावरच्या मदापोल्लम गावाच्या कापडाचे आधी मादरपाट झाले आणि लोकांच्या तोंडी मांजरपाट. १९०५ च्या दसऱ्याला पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. वाकळीच्या पोटात मात्र मँचेस्टर, मुंबई आणि इलकल शेजारी शेजारी निजत राहिले. तिथे कापडाला जात विचारली जात नसे, फक्त ते मऊ झाले आहे की नाही एवढे पाहिले जाई.

१९४३ मध्ये युद्धकाळात कापडावर सरकारी नियंत्रण आले आणि पुन्हा ओढाताण सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात माळेगावला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे सोमेश्वरनगरला. मग वाकळीखाली अंथरायला गोणपाट आले आणि या भागात दर हिवाळ्यात परक्या गावच्या वाकळीही दिसू लागल्या. बीड-नगरकडून ऊस तोडायला येणारी जोडपी कारखान्याच्या तळावर कोप्या घालतात. जमिनीवर पाचट, त्यावर पोते, त्यावर वाकळ. उसाला पाणी दिलेल्या शिवारात पौषातली पहाट कशी असते ते त्या तळावर झोपणाऱ्यालाच माहीत. नीराकाठच्या थंडीचा इतिहास लिहायचा झाला तर तो बागायतदाराच्या माडीवरून लिहिता येणार नाही.

आता तो पहिला प्रश्न. इतक्या वाकळी शिवल्या गेल्या, त्या गेल्या कुठे?

काही जळाल्या. १८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग आला आणि १८९७ मध्ये साथरोग कायदा होऊन घरझडत्या सुरू झाल्या. रोग्याच्या घरातले कपडे व अंथरूण संशयित मानून नष्ट केले जात. रँडच्या खुनापर्यंत गेलेल्या त्या संतापात देवघरात शिरण्याची आणि स्त्रियांच्या तपासणीची चर्चा पुष्कळ झाली आहे. अंगणात पेटवलेल्या अंथरुणांचा उल्लेख एका ओळीत संपतो. पण हिवाळ्याच्या तोंडावर घरातले पांघरूण जाणे म्हणजे काय, हे वाकळ नसलेल्या घरालाच कळले असणार.

काही माणसांबरोबर गेल्या. मृताच्या अंगाखालचे अंथरूण घरात ठेवू नये, ही रीत व्यापक आहे. त्यामुळे ज्या वाकळीवर म्हातारीने शेवटची वर्षे काढली, तीच नेमकी घराबाहेर पडते. तिची धड लुगडी तेवढी राहतात आणि लेकी-सुना त्यांची नवी वाकळ करतात. नव्या बाळाचे पहिले दुपटे आजीच्या लुगड्याचे असावे, हा आग्रह मायेचा आहे, तसाच तो कापडाच्या गुणाचाही आहे. शेकडो वेळा धुतलेल्या सुतासारखे मऊ दुसरे काही नसते.

काही बोहारणीकडे गेल्या, म्हणजे वाकळ होण्याआधीच गेल्या. शहरात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही वाकळीची सर्वांत मोठी स्पर्धक. चार पातळे दिली की स्टीलचा डबा मिळतो. ज्या घरात डबा आला, त्या घरात वाकळ झाली नाही.

आणि उरलेल्या सगळ्या वाकळी वाकळींतच गेल्या. हे सर्वांत महत्त्वाचे. विरलेली वाकळ फेकत नाहीत. तिच्या दोन्ही अंगांना नवे पदर लावून ती पुन्हा शिवतात. जुनी नवीच्या पोटात जाते. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा तेच. त्यामुळे कालव्यावर वाळणारी वाकळ कोणत्या सालची, या प्रश्नाला एक उत्तर नसते. वरचा पदर गेल्या दिवाळीचा असेल, आतला एखादा पणजीच्या लग्नातला.

इतर ठिकाणी असे झाले नाही, कारण कुणीतरी वेळेवर उचलून ठेवले. बंगालचे काँथे गुरुसदय दत्त यांनी १९३० च्या दशकात गावोगाव फिरून गोळा केले. स्टेला क्रामरिश यांचा संग्रह अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात पोहोचला. त्यांवर हत्ती, रथ, कमळे भरतकामात होती, म्हणून ती ‘कला’ ठरायला अडचण आली नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. त्यांत भरतकाम नव्हते, केवळ तुकड्यांची मांडणी होती. म्हणजे नात्याने त्या नीरेच्या वाकळीच्या अधिक जवळच्या. याहून जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. शिवण कडेकडून आत, ही पद्धत तीच. आणि चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. त्यांच्या कवंदीवर अभ्यास आणि प्रदर्शने झाली. घाटमाथ्यावरच्या मराठी वाकळीच्या वाट्याला तेवढे आलेले नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्र्या यांच्यासारख्या घरगुती वस्तूंना मोलाचे स्थान मिळाले. पण धातू टिकतो आणि सूत विरते, हा फरक कुठल्याही संग्राहकाच्या हातचा नव्हता.

शेवटचा मोठा बदल गेल्या पन्नास वर्षांतला आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत टेरिलीन-नायलॉन आले, १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुती पातळाचा जुना पुरवठा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही; १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला आणखी वाट दिली. नऊवारी नेसणाऱ्या बायका एकेक करून कमी झाल्या. आज कालव्यावर जे झगझगीत रंग दिसतात ते बहुतांशी पॉलिस्टर साड्यांचे आहेत. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती साडी धुवायला हलकी, वाळायला झटपट, आणि शिवणाऱ्या बाईच्या मनगटाला त्याचे मोल आहे. पण पॉलिस्टर मऊ होत नाही. घाम शोषत नाही. पदर एकमेकांवरून घसरतात, म्हणून टाका ताणून धरावा लागतो आणि पृष्ठभाग चुरगळतो. सुती वाकळ वापराने एकजीव होत जाते. ही शेवटपर्यंत निरनिराळ्या साड्यांची थप्पी राहते. तिच्या पोटात आणखी एक वाकळ घालून पुढे नेण्याची रीतही त्यामुळे मंदावली आहे. शहरातल्या दुकानांत नव्या कापडाच्या, मुद्दाम रंग जुळवलेल्या सुंदर ‘गोधड्या’ मिळतात आणि त्यातून स्त्रियांना रोजगारही मिळतो. चांगली गोष्ट आहे. मात्र जे कापड कुणाच्या अंगावर नव्हतेच, त्याच्यात वाचण्यासारखे काही नसते.

म्हणून ज्या घरात जुनी सुती वाकळ उरली आहे, तिथे ती कशी सांभाळावी, हा प्रश्न खरा आहे. ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय; कोंडलेला ओलावा सुताला कुजवतो. वर्षातून एकदा हाताने धुणे, तारेवर लोंबकळत न टाकता सपाट वाळवणे, दोन्ही अंगांना ऊन देणे आणि हिवाळ्यात ती अंगावर घेणे, यात ती अधिक टिकते. काळ्या तुकड्यांवर विशेष लक्ष असावे. जुना काळा रंग लोहाच्या क्षारांनी दिला जाई आणि नंतरचा गंधकयुक्त रंगांनी. दोन्ही कालांतराने सूत ठिसूळ करतात. त्यामुळे संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेचा तुकडा आधी झिजतो आणि शेजारचा लाल खण धड राहतो. ठिगळ लावायचे तर सुतीच, तेही वापरून मऊ झालेले. कोऱ्या कापडाचे जाड ठिगळ जुन्या पदराला ओढून फाडते.

आणि कुठे कोपरा उसवला असेल, तर तो शिवण्याआधी कडेने आत पाहावे. वर एखादी फुलाफुलांची साडी असेल, तिच्याखाली गिरणीच्या पातळाचा काठ, मग पिवळट पडलेला मांजरपाट, धोतराची करवत, आणि अगदी आत, ऊन न लागल्यामुळे रंग न उडालेला इलकली लुगड्याचा लाल पदर. दोराही थराथराला वेगळा लागतो, आणि टाक्याची लांबीही. एका हाताचा टाका कुठे थांबला आणि दुसऱ्या हाताने कुठून धरला, ते बोटाला कळते.